आळीतलं बंद घर पुन्हा उघडायचंय? कुठून सुरू करायचं ते सांगतो

वाईत सकाळच्या वेळी कुठल्याही आळीतून चालत निघा, गणपती आळी घ्या नाहीतर गंगापुरी घ्या, थोडं पुढे गेलं की एखाद्या दाराला गंजलेलं कुलूप दिसतंच. मालक पुण्यात, ठाण्यात, कोणी थेट अमेरिकेत. घर वाईट नसतं हो, नुसतं बंद असतं, पण बंद घर किती भराभर खचतं हे न बघितलेल्याला पटत नाही. आम्ही आळीतले पाच-सहा जण गेली काही वर्षं अशा मालकांना गाठून त्यांची घरं नीट करायला हातभार लावतोय. हल्ली दुसऱ्या गावांतली पोरंही विचारतात की आम्हालाही करायचंय, पहिलं काय करू, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की घर दोन ठिकाणांहून पडतं, छपरातून आणि वाटणीतून. छपरातून पाणी येतं आणि वाटणीमुळे ते पाणी कोणी थांबवत नाही. लोक म्हणतात मालकाकडे पैसा नाही, पण आम्ही बघितलेल्या बहुतेक घरांत पैसा ही तिसरी-चौथी अडचण निघाली, खरी अडचण ही की अकरा वारसांपैकी कोणी आपणहून फोन उचलून बाकी दहा जणांशी बोलत नाही. तिथे तुम्ही उपयोगी पडता.

आणि सुरू करायच्या आधी तीन गोष्टी मनाशी पक्क्या करा. मालकाचा एक रुपयाही आपल्या खात्यात घ्यायचा नाही. कुठल्याही कागदावर आपलं नाव लावून घ्यायचं नाही. मालक हो म्हणाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, दार उघडं सापडलं तरी नाही.

१. आधी रस्त्यावरून बघा

आत जायची गरज नाही. समोरच्या ओट्यावर बसून अर्धा तास घर नीट बघा, जमलं तर समोरच्यांच्या माडीवरून छप्पर बघा. कौलं कुठे सरकलीत, आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, मधेच वाकलंय का, पन्हळीत माती साचून गवत आलंय का, भिंतीचं पोट सुटलंय का, दाराची चौकट तिरपी झालीय का, पिंपळ कुठे रुजलाय. विजेचा मीटर आहे का काढून नेलाय. एका वहीत तारखेसकट लिहा आणि त्याच त्याच जागेवरून फोटो काढा, कारण पुढच्या वर्षी त्याच जागेवरून काढलेला फोटो शेजारी ठेवला की भिंत किती सरकली ते आपोआप दिसतं.

पोट सुटलेल्या भिंतीखाली कोणी गाडी लावत असेल, शाळेची मुलं तिथून जात असतील तर मात्र पुढच्या पायऱ्यांसाठी थांबू नका, त्याच दिवशी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मालकाला वाईट वाटेल पण माणसाच्या जिवापुढे ते काही नाही.

२. मालक शोधा

शेजारच्या आजींना विचारा, अर्धी माहिती तिथेच मिळते. कोणाची मुलगी कुठे दिली, कोण दर वर्षी नवरात्राला कुलदैवताला येतं, कोणाचं कोणाशी बोलणं नाही. हे सगळं ऐकून घ्यायचं पण वहीत फक्त नावं आणि गावं लिहायची.

मग कागद. सिटी सर्व्हे, म्हणजे नगर भूमापन, झालेल्या गावात घराचा कागद म्हणजे मालमत्ता पत्रक, सगळे त्याला प्रॉपर्टी कार्डच म्हणतात, ते नगर भूमापन कार्यालयात मिळतं आणि आता ऑनलाइनही काढता येतं. सातबारा घेऊन फिरू नका, गावठाणातल्या घराला तो लागत नाही. दुसरा कागद नगरपालिकेतला कर आकारणीचा उतारा, त्यात घरपट्टी कोणाच्या नावावर आहे, भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष ताबा असलेला कोण आहे ते कळतं. खेडेगावात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद, बघा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देतायत, आपल्याकडे त्याची सुरुवातीची मोजणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती, तुमच्या गावचं झालं असेल तर अर्धं काम सोपं झालं म्हणायचं.

प्रॉपर्टी कार्डावर बहुतेक वेळा पणजोबांचं नाव सापडतं आणि पणजोबा जाऊन साठ वर्षं झालेली असतात. घाबरू नका. एक मोठा कागद घेऊन वंशावळ काढा, वरती पणजोबा, खाली मुलं-मुली, त्यांची मुलं-मुली, हयात कोण, फोन कोणाचा मिळाला. मुलींची नावं गाळू नका, हे मी मुद्दाम सांगतोय कारण घरातले लोक वंशावळ सांगताना आत्यांची नावं सहज विसरतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २००५ ला वडील हयात होते की नव्हते हा प्रश्नही राहिला नाही. आत्याला न विचारता केलेलं काम पुढे कोर्टात अडकतं. आणि आमचा अनुभव असा की आत्याला सन्मानाने विचारलं तर बहुतेक वेळा सगळ्यात आधी तीच हो म्हणते, कारण त्या माजघरात ती वाढलेली असते.

३. पहिला फोन

हा फोन बिघडला तर वर्षभर काही होत नाही. माझ्याकडून पहिल्यांदा बिघडला होता. मी फोन करून सरळ म्हटलं, तुमचं घर धोकादायक झालंय, काहीतरी करा. पलीकडून आवाज आला, "कोणत्या बिल्डरकडून बोलताय?" आणि फोन बंद. त्यांची काही चूक नव्हती, घरं घशात घालायला टपलेल्यांचे फोन त्यांना सतत येत असणार.

आता आम्ही असं करतो. आधी शेजारच्या ओळखीच्या माणसाकडून निरोप द्यायचा की अमक्यांचा मुलगा फोन करेल. मग फोन. "काका नमस्कार, मी तुमच्या वाड्याच्या समोरच्या घरातला, आमच्या आजीला तुम्ही ओळखत असाल. परवा पाऊस झाला तेव्हा तुमच्या मागच्या पडवीची चार कौलं सरकलेली दिसली, फोटो पाठवू का?" बस. विकायचंय का, राहायला कधी येताय, किती वारस आहेत, यातलं काहीही पहिल्या फोनवर विचारायचं नाही. फोटो पाठवायचा, सरकलेल्या कौलांचा एक आणि एक चांगला, म्हणजे तुळशीवृंदावनाचा किंवा दारावरच्या गणेशपट्टीचा. एका काकांनी तुळशीवृंदावनाचा फोटो बघून रात्री साडेदहाला परत फोन केला आणि पाऊण तास बोलत होते, आईने ते वृंदावन कुठल्या वर्षी सारवून घेतलं वगैरे, शेवटी स्वतःच म्हणाले की किल्ली पाठवतो, कौलं किती लागतील ते बघून सांग.

ज्यांना काहीच करायचं नसेल त्यांच्या मागे लागू नका. विकणं हाही मालकाचा हक्क आहे.

४. परवानगी कागदावर

तोंडी हो झालं तरी साध्या कागदावर लिहून घ्या की अमुक तारखेपासून पाहणीसाठी आणि शाकारणीसाठी (कौलं उतरवून परत लावण्यासाठी) घर उघडायला आमची परवानगी आहे, याने कोणाचाही हक्क तयार होत नाही. ही शेवटची ओळ मालकाच्या समाधानासाठी फार महत्त्वाची, कारण कोणीतरी आत शिरून बसेल आणि बारा वर्षांनी कब्जा सांगेल ही भीती प्रत्येकाच्या मनात असते, आणि मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची गोष्ट खरंच आहे. म्हणून कोणाला राखणीला ठेवलं तरी साधा का होईना लेखी करार हवाच.

वारस परदेशात असतील तर त्यांनी घरातल्याच एकाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, द्यायचं, तुम्हाला नाही. ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून इथे पाठवतात आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ही मुदत लोक हमखास चुकवतात. कोणाला आपला हिस्सा भावंडांना सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात मोबदला न घेता केलं तर मुद्रांक अगदी नाममात्र लागतो. पाचशेच्या स्टँपवर सही करून कपाटात ठेवलेलं हक्कसोडपत्र उपयोगाचं नाही, नोंदणी पाहिजे. वारस नोंद लावायला मृत्यूचे दाखले, वंशावळ, प्रतिज्ञापत्र घेऊन नगर भूमापनला अर्ज करायचा. वाद असेल किंवा कोर्टाचा वारस दाखला मागितला तर तिथून पुढे वकिलाचं काम, आपण बाजूला व्हायचं.

पण कागद पूर्ण व्हायची वाट बघत छप्पर उघडं ठेवू नका. कागदाला दोन-चार वर्षं लागतात, उघड्या छपराखालचं लाकूड तेवढं थांबत नाही.

५. पावसाआधी पाणी थांबवा

आमच्याकडे हे काम अक्षय्य तृतीयेनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवायचं असतं, म्हणजे ७ जूनच्या आधी. सगळ्यात कमी खर्चात घर सगळ्यात जास्त याच कामाने वाचतं.

शाकारणी म्हणजे कौलं उतरवून, फुटकी वेगळी काढून, वासे-रिपा तपासून पुन्हा नीट लावणं. जुनी मंगलोरी कौलं फेकू नका, त्या मापाची नवी मिळतीलच असं नाही, पडलेल्या घरांची चांगली कौलं जमवून ठेवा. पन्हळीतली माती काढा, दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ तर आधी बघा, निम्मं घर तिथूनच सडतं. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडून मुरतं का बघा, मुरत असेल तर जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. पैसे अजिबात नसतील तर जाड ताडपत्री घट्ट बांधा, पण ती एका पावसाळ्यापुरती धरायची. वाकलेल्या तुळईला टेकू द्या, टेकूखाली फळी टाका नाहीतर तो जमिनीत घुसतो.

जुन्या लोकांनी पाण्याचा विचार किती केला होता बघायचं तर आमच्या घाटावरचा ढोल्या गणपती बघा. देऊळ पेशवाईतल्या सरदार रास्त्यांनी १७६२ च्या सुमाराला बांधलं आणि त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही अंगांनी फाकून जातं. आपल्याला काही पुराशी झुंजायचं नाहीये, चार पन्हळी साफ ठेवायच्यात.

पिंपळाचं वेगळं सांगतो. वरचं झुडूप उपटून काढलं की काम झालं असं वाटतं, पण मूळ भिंतीतच राहतं आणि पुढच्या पावसात चौपट फुटतं. आणि जाड झालेलं मूळ ओढून काढायला गेलात तर अर्धी भिंत बरोबर येते. रोप लहान असताना मुळासकट काढा. मोठं झालं असेल तर बुंधा कापून ताज्या कापावर मूळ मारणारं औषध लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग दगड-विटा मोकळ्या करून मूळ काढून चुन्यात परत बसवायच्या. मोठ्या झाडाला हात लावायच्या आधी नगरपालिकेची परवानगी घ्या.

आत पहिल्यांदा जाताना दोघं तरी जा, बूट घाला, बॅटरी घ्या, दारं-खिडक्या उघडून घर तासभर वारं खाऊ द्या. माडीवर लगेच चढू नका, कडीपाट, म्हणजे माडीची लाकडी तक्तपोशी, वरून धड दिसतो आणि आतून वाळवीने पोखरलेला असतो. लाकडावर काठी आपटत जा, भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर मागे फिरा.

६. इंजिनिअर, मिस्त्री आणि चुना

दुरुस्ती ठरवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी तपासणी करून घ्या आणि जुन्या लाकडी घरांचं काम केलेलाच शोधा. नुसतं आरसीसी करणारे बरेच जण बघताक्षणी पाडा म्हणतात. दुसरं मत घ्यायला लाजू नका. कौलं बदलणं, गिलावा, रंग या किरकोळ कामांना साधारण परवानगी लागत नाही, पण खांब, तुळई, भिंत, जिना यांना हात लागणार असेल तर बांधकाम विभागाला आधी लेखी विचारा. धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर तिला मुदतीत लेखी उत्तर द्या, इंजिनिअरचा रिपोर्ट आणि टेकूंचे फोटो जोडून. उत्तरच नाही गेलं की पाडायचा रस्ता मोकळा होतो.

आता चुना. यावर मी जरा जास्तच बोलणार. आमच्या पहिल्या घरात एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून ओल आलेल्या भिंतीला आम्ही सिमेंटचा गिलावा करून घेतला, गुळगुळीत, सुंदर, मालक खूश. दोन पावसाळे गेले आणि तो गिलावा पापडासारखा फुगून पडला, आणि त्याच्यामागच्या विटा हाताने चुरता येत होत्या. झालं काय, की मातीत नाहीतर चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल थोडी शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर सोडते, चुन्याचा गिलावा तिला सोडू देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. कोंडलेल्या ओलीबरोबर क्षार वर येतात, आपण म्हणतो ना भिंतीला लोणा लागला, तो विटेला आतून खातो. भिंतीत खोचलेल्या तुळईचं टोकही तिथेच कुजतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

म्हणून जुन्या भिंतीला चुनाच. कळीचा चुना भिजवून, चाळून, वाळूबरोबर नीट मळून, चुना मळायची घाणी नसली तर बांधकामाच्या मिक्सरमध्ये. पूर्वी गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचे, अजूनही काही मिस्त्री घालतात, त्यांचं प्रमाण ठरलेलं असतं, आपण मधे बोलू नये. एकदम जाड थर मारायचा नाही, पातळ थर, मधे वेळ, आणि कित्येक दिवस हलकं पाणी. वेळ जास्त लागतो हे मालकाला आधीच सांगा. चुना कालवताना डोळ्याला चष्मा आणि हातात मोजे पाहिजेतच, कळीचा चुना भिजताना उकळतो. वर रंग देतानाही प्लॅस्टिक पेंट नको, चुन्याचीच सफेदी द्या.

चुन्याचं काम येणारे मिस्त्री आता साठीच्या पुढचे आहेत. एक मिळाला तर त्याच्याबरोबर आळीतली दोन तरुण पोरं मजुरी देऊन लावा, पुढच्या घराला तीच पोरं कामाला येतात.

७. भाडेकरू असतील तर

अर्ध्या खोल्या बंद, दोन खोल्यांत जुने भाडेकरू, हे फार घरांत असतं. त्यांना शत्रू समजू नका, त्या दोन खोल्यांत चूल पेटते म्हणून तेवढं घर टिकलंय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे, मालकाने नोटीस देऊनही केली नाही तर भाडेकरू स्वतः करून ठराविक मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण महिना तीस-चाळीस रुपये भाड्यातून काय वळतं होणार. उलट भाडेकरूने कारण नसताना सहा महिन्यांहून जास्त काळ खोली वापरलीच नाही तर मालकाला ती कोर्टातून परत मागता येते. हे दोन्ही बाजूंना माहिती असावं, पण कोर्टाआधी एकदा सगळ्यांना ओट्यावर बसवा. दुरुस्तीपुरती खोली खाली करायची असेल तर परत कधी, कुठल्या खोलीत, किती भाड्यात येणार ते लिहून सह्या घ्या. नुसत्या शब्दावर म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढायचं नाही.

८. पैसा

आधी घरपट्टीची थकबाकी बघा. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, वर्षाला २४ टक्के, त्यामुळे छपराच्या खालोखाल हाच गळका भाग. कागद स्पष्ट नसताना बँक लोन देत नाही, मग वारसांनीच हिश्श्याप्रमाणे वर्गणी काढायची. दोन वारसांच्या सहीचं जॉइंट खातं उघडायला लावा, व्हॉट्सॲपवर सगळ्या वारसांचा ग्रुप करा आणि प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी टाका, कौलांच्या टेम्पोचं भाडंसुद्धा. ज्याने पैसे दिले नाहीत तोही ग्रुपमध्ये असू द्या. आमच्या एका घरात दोन वर्षं एक शब्द न बोललेल्या धाकट्या काकांनी तिसऱ्या वर्षी स्वतःहून जिन्याचा सगळा खर्च उचलला, रोज फोटो बघत होते म्हणे.

एकदम सगळं घर करू नका. पहिल्या वर्षी छप्पर, दुसऱ्या वर्षी एक खोली, मोरी, लाइट. जुनं वायरिंग मात्र पूर्ण काढून नवं घाला, यात काटकसर नको, लाकडी घर आहे.

९. घर वापरात आणा

नीट केलेलं घर परत बंद झालं तर पाच वर्षांत पुन्हा होतं तसं होतं. कोणी राहायला येणार नसेल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सवर द्या. आमच्याकडे एका पडवीत पोरांची अभ्यासिका चालते, एका ओसरीत गाण्याचा क्लास. पाहुणे ठेवायचे असतील तर राज्याच्या पर्यटन खात्याची न्याहारी निवास योजना आहे, त्यात नोंदणी करता येते. काहीच नाही जमलं तर आळीतलं एखादं घर गाठून दर पंधरा दिवसांनी दारं उघडणं, केर काढणं, नळ सोडून बघणं हे महिना ठरवून पैसे देऊन करून घ्या, फुकट करून घेऊ नका, फुकटचं काम चौथ्या महिन्यात थांबतं.

आणि काही घरं वाचत नाहीत. इंजिनिअर दोघेही नाही म्हणाले, मालकही थकले, तर पाडताना तरी हजर राहा. आधी मापं घेऊन नकाशा काढा, फोटो काढा, मग खांब, तुळया, दारं, कौलं, घडीव दगड मालकाच्या परवानगीने उतरवून मोजून ठेवा. आमच्या आळीतल्या दोन पडव्या अशाच एका पडलेल्या घराच्या वाशांवर उभ्या आहेत.

किल्ल्यांचं शेवटी सांगतो. तीन जोड करा, एक मालकाकडे, एक इथे राहणाऱ्या नातेवाइकाकडे, एक शेजारी, आणि तिन्हीवर घराचं नाव न लिहिता नुसता आकडा घाला. शेजारची किल्ली कोणी कधी नेली ते लिहायला दाराशी एक वही टांगा. कुलपात पावसाआधी आणि पावसानंतर तेलाचे दोन थेंब सोडा.